बोटभर ऊन

फुलाबाईला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. कापूरहोळला महामार्ग सोडून भोरचा रस्ता फुटतो, तिथं तिचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. दुकानात एक लाकडी स्टूल आहे, पण त्यावर बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन ठाण मांडून असतो. फुलाबाई आपली उभी. एका ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावता लावता दुसरीची टोकं खरवडते, तिसऱ्याच गिऱ्हाइकाला दटावते, आणि मधेच रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोला हात करते.

"बसा की बाई," ती मला म्हणते.

"कुठं बसू? कॅनच्या मांडीवर?"

"व्हय की," असं म्हणून हसते, आणि कॅन तिथंच राहतो.

तिची माझी ओळख रंगमंचावरची. खोटं वाटेल, पण खरं आहे. त्या काळी मी पुण्याहून भोर-वेल्ह्याकडच्या गावांत जत्रेच्या नाटकांना यायची. राजा गावचा, प्रधान गावचा, खलनायक तर गावात मुबलक. राणी मात्र बिदागी देऊन बाहेरून आणलेली. ती राणी मी. राजेसाहेब पुष्कळदा स्वतःचा संवाद विसरत, मग "आपण हेच म्हणणार होता ना महाराज?" असं म्हणून मी त्यांचाही म्हणून टाकायची. भाटघरजवळच्या एका गावात असंच नाटक चाललं होतं. तिसरा अंक, माझा विलाप ऐन भरात, आणि माईक गेला. मी घसा ताणून रडतेय, मागच्यांना काही ऐकू येत नाही, शिट्ट्या सुरू. एवढ्यात हातभर हिरव्या चुड्याची एक पोरगी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी घेऊन थेट मंचावर चढली आणि मला म्हणाली, "जरा सरका. तुमच्या पायाखाली वायर हाय."

त्या रात्री सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली. मी मनातल्या मनात तिला मुजरा केला.

ती फुलाबाई. नवरा सावळाराम लाऊडस्पीकर आणि बॅटऱ्या भाड्यानं द्यायचा. लग्नाला जेमतेम महिना झाला होता आणि ही त्याच्या मागून तारा ओढत हिंडत होती. पुढं माझी नाटकं थांबली, मी भोरलाच एक खोली घेऊन राहिले. सावळाराम गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी फुलाबाईनं दुकान उघडलं. लोक बोलले. ती म्हणाली, "बॅटऱ्या चार्जिंगवर हायेत. त्या सुतक पाळत न्हाईत, उकळत्यात."

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्याला डोळे दाखवून परत येत होते. कापूरहोळला उतरून भोरच्या एसटीची वाट पाहत तिच्या दुकानात उभी होते. तिचा मोबाईल वाजला. हात ॲसिडचे असल्यानं तिनं कोपरानंच बटण दाबून स्पीकर लावला.

"फुले, ऐकू येतंय का? मोरी गेली गं."

बोलणारी सारजाबाई. हिर्डोशीच्या वर धनगरांची एक वस्ती आहे, तिथली. फुलाबाईचं माहेर हिर्डोशीचं. लहानपणी दोघींनी एकाच माळावर गुरं-शेळ्या राखलेल्या. वस्तीवर रेंज नाही, म्हणून सारजाबाई एका ठरलेल्या खडकावर चढून फोन करते. मोरी ही तिची शेळी. साधी नव्हे. सारजाबाईच्या आईनं लग्नात आंदण म्हणून जी शेळी दिली, तिच्या पोटची पोटची करत आलेली ही शेवटची मादी.

"कशानं गेली?" फुलाबाईनं विचारलं.

"कास सुजली, ताप भरला. तीन करडं टाकून गेली. त्यातला बोकड परवा मेला. दोन पाटी, माद्या, हायेत, त्यातली एक आज मान धरंना."

"दुसऱ्या शेळ्या पाजत न्हाईत?"

"लाथा घालत्यात. गाईचं दूध मिळतं सकाळी. पर दिसभर माळावर मी एकटी. पोरगा म्हादू मेंढरं घिऊन खाली देशाला गेलाय. बाकीची शेळकी कोण चारंल? करडं खोळीत घालून संगं नेते. आन माळावर दूध गारठतं. गार पाजलं तर बोकड पोट फुगून मेला."

"थर्मासात ने की."

"नेलं. दुपारच्याला नासलं. मग थर्मासात निस्तं कढत पानी नेलं, त्यात बाटली बुडवाया. दोन येळा भागलं, तिसऱ्याला पानी गार. आन काल शेळीनं लाथ हानली, काचच फुटली."

"मग दोन दगडं मांडून जाळ कर..." असं म्हणता म्हणता फुलाबाईनं स्वतःच जीभ चावली.

दिवाळी झाली की गवत वाळतं, आणि तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत त्या माळावर कुणी काडी ओढत नाही. सारजाबाई तर काडेपेटीसुद्धा घरी ठेवून जाते. तिच्या आईच्या वेळी एका चिलमीनं अख्खा डोंगर जळाला होता.

"तुझ्याकडं बॅटऱ्या हायेत न्हवं?" सारजाबाई म्हणाली. "बॅटरीवर दिवा लागतो, फवारा मारतोय, मग दूध ऊन व्हायचं न्हाई का? तेवढं येंत्र दे करून. ह्या पाटी गेल्या का मोरीचं समदं संपलं, फुले."

फोन कट झाला. माझी एसटी समोरून निघून गेली. मी हात केला नाही.

फुलाबाई मात्र भिंगरीसारखी सुटली. दुकानाच्या मागं फवारणी पंपाच्या बॅटऱ्यांचा ढीग असतो. पाठीवर अडकवायच्या पंपात बसते ती, विटेएवढी, बारा व्होल्टची. त्यातली एक दमदार निवडून तिनं चार्जिंगला लावली. मग जुनी विजेची शेगडी उलटी करून आतली स्प्रिंग उपसून काढली.

"ही आख्खी स्प्रिंग घरातल्या करंटवर लाल होती," ती मला समजावत होती. खरं तर स्वतःलाच. "बॅटरीत तेवढा जोर न्हाई. म्हनून तार आखूड घ्यायची. जितकी आखूड, तितका करंट जास्त, तितका जाळ."

तिनं स्प्रिंगचा दहावा भाग तोडला. तो चिनी मातीच्या मण्यांत ओवला, बोटाएवढ्या स्टीलच्या नळीत सरकवला, बाजूनं कोरडी बारीक वाळू ठासून भरली. नळीचं खालचं तोंड शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून बंद करून आणलं, वरचं लांबीचा लगदा भरून बुजवलं. दोन तारा, एक बटण, फवारणी पंपाचाच पट्टा. पेल्यात पाणी घेऊन नळी बुडवली. पाचएक मिनिटांत बुडबुडे.

चहावाला धनाजी टपरी सोडून बघायला आला. "फुलाआत्या, माझा धंदा बसवताय व्हय?" म्हणत त्यानं पेल्यात चहाची पूड टाकली आणि घोट घेऊन डोळे मिटले. "आयला! कढत हाय!"

महामार्गावर याहून मोठी शाबासकी नाही. फुलाबाई खूश. मीही खूश, टाळीसुद्धा वाजवली. आम्ही तिघंही चुकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भोरला आली, आणि स्टँडवर मी तयार होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण रात्रभर मला ती मान न धरणारी पाट दिसत होती. पडदा अर्धा वर जाऊन अडकावा तसं झालं होतं. फुलाबाईनं मला नखशिखांत पाहिलं. "या. बॅटरी मांडीवर धराया कुनीतरी पायजेच हुतं."

हिर्डोशीला उतरून वस्तीपर्यंत चढायला मला पाऊण तास लागला. फुलाबाई पुढं जायची, परत मागं यायची, पुन्हा पुढं जायची. मी एकदा चढले तेवढ्यात ती दोनदा चढली असेल.

सारजाबाई शेळ्या अजून कोंडूनच आमची वाट पाहत होती. काटक, उंच, कानात जड बुगड्या. तिनं मला विचारलं, "ह्या त्या नाटकातल्या का? जल्माला आल्यावानी रडायच्या त्या?" मी म्हटलं, "त्याच." ती म्हणाली, "आज नका रडू," आणि घोंगडीची घडी उलगडली. आत दोन करडं. एक कान हलवत होतं. दुसरं नुसतं होतं.

फुलाबाईनं पातेल्यातल्या दुधात नळी सोडली, बटण दाबलं. मिनिट गेलं असेल नसेल, वास आला. नळीला तपकिरी साय चिकटली आणि कडेनं दूध चरचरलं. सारजाबाईनं झडप घालून पातेलं ओढलं.

"करपलं! फुले, करपलं गं! दूध करपलं का कास आटती, ठावं न्हाई व्हय तुला? माझ्या गोठ्यात हुभी राहून दूध जाळतीस!"

"बटण जरा उशिरा..."

"म्या काय म्हनलं हुतं फोनवर?"

"दूध गरम कराया..."

"गरम न्हाई! ऊन. म्या ऊन म्हनलं."

"एकच की ते."

सारजाबाईनं पातेलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "एकच? तू हितलीच न्हवं का?"

फुलाबाईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. चाळीस वर्षं तिनं महामार्गावर काढलेली. तिथं दोनच गोष्टी विकल्या जातात, गार किंवा कढत. ड्रायव्हरला चहा कढत लागतो, बॅटरी तापलेली कळते, इंजिन तर पेटतंच. त्या दोहोंच्या मधला शब्द तिच्या माहेरचा होता, आणि तो तिनं कधी घरंगळू दिला तिलाच कळलं नव्हतं.

"मग किती ऊन?" तिनं विचारलं.

सारजाबाईनं तिचं मनगट धरलं आणि बोट सरळ त्या हलणाऱ्या करडाच्या तोंडात घातलं. "एवढं."

करडू चोखू लागलं. फुलाबाई थांबली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. "सारजे, मला काय कळंना. ॲसिडनं बोटं मेल्यात माझी." ती वळली. "बाई, तुमचं बोट द्या."

मी माझं बोट दिलं. आयुष्यभर या हातांना मी रंग लावला, मेंदी लावली, खोट्या अंगठ्या घातल्या. त्यांना असं काम कुणी सांगितलं नव्हतं. आतमध्ये खरखरीत जीभ, आणि ऊब. पाण्याची नव्हे, जाळाची नव्हे. मऊ भाताच्या पहिल्या घासाची.

"आता ह्येच्या," सारजाबाई म्हणाली.

दुसऱ्या करडाचं तोंड मीच उघडलं. आत पहाटेच्या दगडासारखं गार होतं. माझा हात आपोआप मागं आला.

"कळलं न्हवं?" सारजाबाई म्हणाली. "तोंड गार पडलं का करडू चाललं. आज हितंच थांबून पाजते चुलीपाशी. पर उद्या शेळ्या सोडाव्याच लागतील. बावीस तोंडं हायेत, दोन दिस कोंडून कशी ठिऊ? उद्या दुपारपातूर बघा. न्हाईतर राहू द्या."

परतीच्या एसटीत मी ते बोट पदरात गुंडाळून बसले होते. हसू आलं तरी चालेल. फुलाबाई उभीच, दांडीला धरून, दर वळणावर मला विचारत होती, "हाय का अजून?"

"आहे."

"सांडू नका."

मी "आहे" म्हणत होते खरी, पण मला खात्री नव्हती. संवाद मी पुष्कळ विसरले आहे. अख्खी नाटकं विसरले. पण एका स्वयंवराच्या प्रवेशात कुणा शेतकऱ्याच्या पोरानं, म्हणजे राजानं, माझा हात धरला तेव्हा भीतीनं त्याचा हात किती थंड पडला होता, ते अजून इथं, या तळव्यात आहे. स्पर्श राहतो. राहतो ना? की वय झाल्यावर बोटही वाटेल ते बोलतं? आणि माझं बोट खोटं ठरलं, तर मरणार होती ती सारजाबाईची पाट.

दुकानात शिरल्या शिरल्या फुलाबाईनं कालची नळी भिरकावली. "आखूड तारेनं जाळ केला. आता तार लांब घ्यायची. करंट कमी, आच मंद. आन दुधात न्हाईच सोडायची." तिनं लांब तार, लांब नळी घेतली, नळी वाकवून कडं केलं आणि ते ॲल्युमिनियमच्या डब्याच्या तळाशी बसवलं. डब्यात पाणी, पाण्यात दुधाची बाटली. तिनं हात घासून घासून धुतले, बाटलीत धनाजीकडचं गार दूध भरलं, आणि बटण दाबलं.

"बाई, बोट."

मी दुधात बोट घातलं. "गार."

"बाई, बोट."

"गारच."

"बोट."

"अगं, जरा श्वास घेऊ दे दुधाला!"

धनाजी टपरीवरून ओरडला, "काय चाललंय आत्या?"

"दूध ऊन कराय लागलोय."

"ऊन पायजे तर भाईर बसा! फुकाट हाय!"

"तू चहा उकळ," फुलाबाई म्हणाली. तिचं हसायला लक्ष नव्हतं.

नवव्या-दहाव्या मिनिटाला माझ्या बोटाला ओळख पटली. "हेच! बंद कर!" तिनं बंद केलं. मी बोट काढलं नाही. आणि बंद केल्यावरही दूध चढतच गेलं. ऊनचं गरम झालं. मी घाबरून तिच्याकडं पाहिलं.

"वाळू," ती म्हणाली. "आतली वाळू ऊब धरून ठेवती. म्हंजी आधीच बंद कराया पायजे." दूध ओतून नवं गार दूध भरलं, पुन्हा सुरुवात. आठ मिनिटं, मग बंद, मग नुसतं थांबायचं. थांबणं हेच तिला जमत नव्हतं. दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची, डब्यात डोकवायची. तिसऱ्या खेपेला दूध चढत आलं, अगदी त्या खुणेशी आलं आणि टेकलं.

"हेच," मी म्हणाले.

"नक्की?"

मी नक्की म्हणाले. रंगमंचावर शिकलेली गोष्ट: आपण डळमळलो तर समोरचाही पडतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा सारजाबाई शेळ्या घेऊन माळावर गेलेली. म्हणजे आणखी चढण. वारा असा की बोलणं तोंडातून उडून जावं. पिवळं गवत सगळं एका अंगावर झोपलेलं. मी दर वीस पावलांवर दगडावर टेकत होते. फुलाबाई डबा छातीशी धरून पुढं पळत होती.

सारजाबाईनं खोळ उघडून दाखवली. थोरली पाट ठीक होती. धाकटीचे डोळे अर्धे मिटलेले.

"काल चुलीपाशी दोनदा घेतलं. आज सकाळधरनं न्हाई," ती म्हणाली. "तुझं येंत्र लाव."

फुलाबाईनं बटण दाबलं. आठ मिनिटं. आठ मिनिटांत आमच्या नाटकात एक राज्य जायचं आणि परत यायचं. इथं काहीच घडत नव्हतं. धूर नाही, आवाज नाही, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. फुलाबाई डब्याभोवती फेऱ्या मारत होती. सारजाबाई करडाला पोटाशी धरून त्याच्या अंगावर तळवा घासत होती. मग बटण बंद, आणि आणखी थांबणं.

सारजाबाईनं बाटली उचलली. ऊब जोखायला एक थेंब स्वतःच्या पापणीवर टाकला. तिनं करडाचं तोंड फाकवलं आणि बाटलीला लावलेला रबरी सड आत घातला.

करडानं चोखलं नाही.

तिनं बाटली दाबून थेंब सोडला. तो ओठावरून खाली गळला. दुसरा सोडला, तोही. फुलाबाई पाठ फिरवून डोंगराकडं बघायला लागली. तिसऱ्या थेंबाला करडाच्या गळ्यात काहीतरी हललं. दाण्याएवढं. सारजाबाई पुटपुटली, "घे गं माझी बाय. घे. आयचंच हाय." चौथा. पाचवा.

"आता?" फुलाबाईनं विचारलं.

"आता काय. पुन्यांदा दोन घटकांनी. बॅटरी टिकंल का?"

"टिकंल." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "टिकावी."

परतीची एसटी दुपारची होती. आम्ही तिघींनी भाकरी खाल्ली, फुलाबाईनं उभ्यानं. दुसऱ्या पाळीचं दूध ऊन झालं. बॅटरी टिकली. करडानं आधीपेक्षा जास्त घेतलं, पण चोखलं नाहीच, गिळलं फक्त. सारजाबाईची मुद्रा काही सांगत नव्हती. तेवढ्यात दोन शेळ्या कड्याच्या बाजूला उतरू लागल्या. "धर हिला," म्हणून तिनं धाकटी पाट फुलाबाईच्या हातात कोंबली आणि हाळ्या देत धावली.

फुलाबाई बॅटरी धरते तशी करडाला धरून उभी राहिली, आडवी, सरळ, दोन्ही हातांनी. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ते खांद्याशी घेतलं. वाऱ्यानं पदर उडाला. करडानं मान उचलली, हुंगलं, आणि तिच्या कानाची पाळी तोंडात धरून चोखायला लागलं.

"अगं! अगं बाई!" फुलाबाई दचकली. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो माझ्या कुठल्याही तिसऱ्या अंकात मला कधी काढता आला नाही.

"ऊन हाय! सारजे! ऊन हाय गं!"

"काय?" सारजाबाई कड्यावरून ओरडली.

"तोंड! तोंड ऊन हाय हिचं!"

सारजाबाई होती तिथंच थांबली. शेळ्या तिच्या दोन्ही बाजूंनी वर येऊ लागल्या.

खाली वळणावर एसटीचा आवाज आला; पुढच्या गावांहून ती परत फिरेपर्यंत आम्हाला हिर्डोशीला उतरायचं होतं. मी गुडघ्यावर हात टेकून उठले. "फुलाबाई, गाडी आली."

ती गवतात बसली होती, पाय पसरून. मान एका बाजूला कललेली, कान करडाच्या तोंडात.

"तुमी व्हा पुढं बाई," ती म्हणाली. "मला काय उठता येत न्हाई."